डोंगराच्या आत

तिकीट एकशे नव्वद क्रोनर, फोन पिशवीत सीलबंद,
अंगात पिवळी जाकिटं. आम्ही अकरा जण.
सिग्ने म्हणते, "आता बघाल ते लहान मुलांना सांगायचं नाही."
वय असेल बावीस. विनोद तिला पाठ आहेत,
हशासाठी सोडायच्या जागासुद्धा.

उद्यान अजून उघडायचंय.
चक्रावरचे घोडे ताडपत्रीखाली तसेच,
आणि रोलर कोस्टरच्या पहिल्या फेरीत
पाणी भरलेले प्लास्टिकचे चोवीस प्रवासी
न ओरडता खाली येतात.
"रोज सकाळी तुमच्याआधी हे मरून बघतात," सिग्ने म्हणते.
इथे हशा.

मग कपड्यांची खोली.
अस्वलाचं डोकं पंख्यासमोर वाळत घातलेलं.
जबड्यातून डोकावलं तर कपाळाशी स्पंजची पट्टी,
घामाने पिवळी पडलेली, आणि शाईने लिहिलेलं:
उन्हात वीस मिनिटं. त्याच्या वर नाही.
शेजारच्या कपाटात हरवलेलं-सापडलेलं:
एकेकटे बूट, तीन कवळ्या,
एक लग्नाची अंगठी,
जिच्यासाठी चार वर्षांत कुणाचा फोन नाही.

आणि मग डोंगर.

आमच्या जटलंडात डोंगर नाहीत.
बीटाची शेतं, वारा, आणि पुन्हा बीटाची शेतं.
म्हणून हा एक करून घेतला, अडुसष्ट साली,
तारेच्या जाळीवर सिमेंट फेकून,
माथ्याला बर्फाचा रंग देऊन.
दुरून साजरा होता, आमच्या स्वयंपाकघरातून तर फारच.
बाबा रोज पावाचा डबा घेऊन त्याच्यात जायचे,
जसे इतरांचे बाबा डेअरीत जायचे.

"आत काय असतं?"
"काही नसतं. पोकळ आहे."
एकतीस वर्षं हेच उत्तर.
फुकट पास मिळायचे, बोटीत बसायला मिळायचं,
पण मागच्या दाराने एकदाही नाही.
मी शाळेत सांगून ठेवलं होतं
की माझे बाबा ड्रॅगनला जेवू घालतात.

सिग्ने कुलूप काढते.
दार एवढं अरुंद की बाबा कायम
अंग तिरकं करूनच शिरत असणार. घरातही ते तसेच शिरायचे.

आत खरंच काही नाही.
परांची, शिडी, ओळीने उंदरांचे सापळे
(डोंगर पोखरायचे कष्टही नाहीत, उंदीर आयताच).
ड्रॅगनला अर्धंच अंग आहे,
बोटीतून दिसतं तेवढं.
पाठीमागे नुसत्या सळ्या, नळ्या,
आणि मान वळवणारी सायकलची साखळी.

"ही एक गंमत," सिग्ने टॉर्च प्लायवूडवर धरते.
"कुणी लिहिलंय माहीत नाही, पण आम्ही पुसलं नाही."
पेन्सिल. सातच्या पोटात आडवी रेघ.

गिअर ४ ग्रीस.
१४ फेब्रु. पाइप गोठले.
प्रेबेनकडून ४० क्रोनर येणं.
मुलगी. ३४०० ग्रॅम. पंप २ गळतो.

लोक हसतात. इथेही जागा सोडलेली आहे.
कुणीतरी म्हणतं, "बिचारा पंप!"

मी बोलत नाही. काय बोलणार,
की ते वजन माझं आहे?
बाबांनी कधी वाढदिवसाची तारीख लक्षात ठेवली नाही,
आई फोन करून आठवण द्यायची,
आणि इथे, ग्रॅमपर्यंत.

रांग पुढे सरकते. मी शेवटी राहते.
"पंप दोन," मी विचारते, "अजून गळतो?"

सिग्नेकडे याचं पाठ केलेलं उत्तर नाही.
ती माझ्याकडे बघते, मग टॉर्च खाली नेते.
बादली. तळाशी चार बोटं तेल.
आज सकाळीच कुणीतरी रिकामी केलेली असणार.